डोकं उन्हात, पाय गारठ्यात

मंडळी, थंड हवेत कुंडीत संत्र्या-लिंबाची रोपं वाढवणारे लोक भेटले की एकच तक्रार ऐकू येते. उन्हाळाभर रोप तरारलेलं होतं आणि ऐन हिवाळ्यात, खिडकीत ठेवलेलं असताना, पानं झडली. मग काय केलंत, असं विचारलं की उत्तरही ठरलेलं: पाणी वाढवलं. आज मी मुख्यतः या पानगळीबद्दल बोलणार आहे, कारण थंडीपेक्षा या पाण्यानंच जास्त रोपं जातात असं माझं मत आहे.

आधी बीबद्दल थोडं. संत्रं-लिंबू म्हणजे लिंबूवर्ग. यातलं बी वाळवून डबीत जपण्याचं नाही. वाळलं की त्याची उगवणशक्ती झपाट्यानं घटते. फळ कापल्या दिवशीच ते धुऊन पेरावं. हात हलका असेल तर टोकाकडून नखानं बाहेरची चिवट साल सोलून काढा, बी लवकर रुजतं. त्याला 25 ते 30 अंश सेल्सिअसची ऊब लागते. ती मिळाली तर दोन-चार आठवड्यांत कोंब दिसतो.

कधी कधी एका संत्र्याच्या बीतून दोन-तीन कोंब वर येतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चुकून दोन बिया पडल्या. माती बाजूला करून बघितलं तर बी एकच! हे बहुभ्रूणी बी. त्यातला फार तर एक गर्भ परागीकरणातून आलेला असतो, बाकीचे आईच्याच पेशींतून तयार होतात, म्हणजे हुबेहूब आईच. म्हणून बहुतेक संत्री, मोसंबी, कागदी लिंबू बीपासून लावली तरी रोपं बरीचशी आईवर जातात. पपनस आणि महाळुंग यांच्या बीत मात्र एकच गर्भ, तोही परागीकरणातून आलेला. तिथे काय निघेल याचा भरवसा नाही.

आता पानगळ. एका हिवाळ्यात माझ्या दोन वर्षांच्या रोपाची पानं तीन दिवसांत गळाली. गंमत अशी की बरेच देठ फांदीलाच राहिले होते, फक्त पातं सुटलं होतं. लिंबूवर्गात पातं आणि देठ यांच्यामध्ये सांधा असतो, पान तिथूनही सुटतं. माती ओली होती, ऊन भरपूर होतं. मग कुंडीत थर्मामीटर खुपसला. माती 9 अंशांवर! कुंडी थंडगार फरशीवर आणि पानं काचेतून येणाऱ्या उन्हात तापत होती. साधारण 13 अंशांच्या खाली या झाडांची मुळं जवळजवळ थबकतात. पानं वरून पाणी मागताहेत आणि मुळं देऊ शकत नाहीत. ओल्या मातीत उभं राहून झाड तहानलेलं असतं आणि खर्च आवरायला पानं टाकतं. अशा वेळी आपण आणखी पाणी ओतलं की गार, हवा नसलेल्या मातीत मुळं कुजायला लागतात.

यावर वाटा दोन आहेत. एक, मुळांना ऊब द्यायची: कुंडी फरशीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवा, जमलं तर खाली रोपांसाठीची गरम चटई घाला आणि वरून दिव्याचा प्रकाश द्या. दुसरी, सगळंच झाड गारव्यात झोपवायचं: 5 ते 10 अंश, मंद उजेड आणि जेमतेम पाणी. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यात 1684 ते 1686 दरम्यान वास्तुकार आर्दुआँ-माँसार यानं बांधलेली ऑरेंजरी, म्हणजे संत्र्याची झाडं हिवाळ्यात ठेवायची इमारत, या दुसऱ्या वाटेची. जाड भिंती, दक्षिणेकडे उंच खिडक्या. पेट्यांतली हजारावर झाडं हिवाळाभर आत आणि उन्हाळ्यात बाहेर. त्या लाकडी पेट्यांच्या बाजू उघडता येतात, म्हणजे झाड न उपटता मुळं तपासता येतात. मला ही युक्ती फार आवडते. मोठ्या झाडांना ही वाट उत्तम, पण कोवळ्या रोपाला मी ऊबच देईन, नाहीतर वाढीचे महिने वाया जातात. फसतं ते अर्धवट: डोकं उन्हात, पाय गारठ्यात.

कुंडी खोल हवी, कारण सोटमूळ सरळ खाली धावतं. पण रुंदी बेतानं वाढवा. छोट्या रोपाला मोठी कुंडी दिली की माती वाळतच नाही. मातीच्या मिश्रणात झाडाच्या सालीचे तुकडे, परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) असं भरड काही भरपूर असू द्या. जड, म्हणजे क्षारांचं पाणी देत राहिलात तर मातीचा सामू (pH) चढतो, लोह मिळेनासं होतं आणि नवी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहतात. पावसाचं पाणी साठवून ठेवलेलं बरं. पानावर चिकट चकाकी दिसली तर उलटवून बघा, मागे खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असेल.

फळ कधी, हा प्रश्न येणारच. कागदी लिंबू तीन ते पाच वर्षांत धरू शकतं, पपनसाला आठ-दहा वर्षंही लागतात. रोपाला आधी बालपण पुरं करावं लागतं. ठरावीक पेरं वाढल्याशिवाय फूल नाही. म्हणून शेंडा सारखा छाटू नका. घाई असेल तर फळणाऱ्या झाडाचा डोळा त्रिपर्णीच्या, म्हणजे तीन-तीन पानांच्या संत्र्याच्या, खुंटावर भरा. तो खुंट थंडीला काटकही आहे. बीच्याच झाडाची वाट पाहणार असाल तर काट्यांकडे लक्ष ठेवा, ते आखूड होऊ लागले की बालपण सरत आलं. माझ्या सात वर्षांच्या संत्र्याच्या बुंध्यावर बोटभर काटे आहेत, पण यंदा शेंड्याकडच्या फांद्यांवर ते नखाएवढेच आलेत. मी रोज सकाळी तिथेच बघते.