सातांत एक माफिया

[मोबाइलचा स्क्रीन. सात खेळाडूंची नावं, मतदानाचे उलटे मोजले जाणारे सेकंद.]

‘माफिया’ या खेळाच्या डावाला सात जण बसलेत. सहा गावकरी, एक माफिया. कोण काय आहे हे माफियाला ठाऊक आहे, गावकऱ्यांना नाही. दिवसा सगळे मत देतात आणि एकाला बाहेर काढतात. रात्री माफिया एकाला मारतो. माफिया सापडला तर गाव जिंकलं. एक माफिया आणि एकच गावकरी उरला, तर माफिया जिंकला.

सहा विरुद्ध एक म्हटल्यावर डाव गावाच्या खिशात आहे, असं कुणालाही वाटेल. हिशेब करून बघू या.

समजा गावाच्या हाती काहीच धागादोरा नाही, मतं नुसती अंदाजपंचे पडतायत. पहिल्या दिवशी भलताच माणूस जाण्याची शक्यता सातांत सहा. रात्री आणखी एक जातो, उरले पाच. दुसऱ्या दिवशी चुकण्याची शक्यता पाचांत चार. मग उरतात तीन, तिथे तिनांत दोन. या तिन्हींचा गुणाकार केला की माफिया जिंकण्याची शक्यता येते साधारण 46 टक्के. गावाने तीनदा चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की काम झालं, आणि ते जवळजवळ दर दोन डावांमागे एकदा होतं.

[स्क्रीनवर आठवं नाव जोडलं जातं.]

आता गावाला मदत करू या. एक गावकरी वाढवू, आठ जण. गावाचं पारडं जड व्हायला हवं ना? उलटंच होतं. आठांत सात, सहांत पाच, चारांत तीन. गुणाकार करा, माफियाची शक्यता 46 वरून जवळपास 55 टक्क्यांवर जाते. कारण सोपं आहे, पण पटकन लक्षात येत नाही. सात जण असताना गावाला मतदानाच्या तीन संधी मिळतात आणि आठ असतानाही तीनच. नवा माणूस एकही दिवस वाढवून देत नाही, फक्त दरवेळी गर्दी वाढवतो, आणि गर्दीत माफिया लपतो. म्हणूनच ऑनलाइन डाव सुरू होण्याआधी खेळाडू जमतात त्या लॉबीत ऐनवेळी कुणी शिरला आणि यजमानाने ‘चालतंय की’ म्हणून त्याला घेतलं, तर डावाचा तोल बदललेला असतो आणि ते कुणाच्या गावीही नसतं.

मग पुन्हा सातांवर येऊ आणि एकाऐवजी दोन माफिया घेऊ. आता माफियांची शक्यता थेट 77 टक्के. एक घेतला तर 46, दोन घेतले तर 77. सात जणांत नुसती माफियांची संख्या बदलून मधला आकडा निघतच नाही. या खेळांत रात्री एकाची ओळख तपासणारा डिटेक्टिव्ह, माफियाच्या वारातून एकाला वाचवणारा डॉक्टर अशा खास भूमिका आल्या, त्या गोष्टीत रंग भरायला आल्या असं आपल्याला वाटतं. तोल साधायचं खरं साधन त्याच आहेत. दोन माफियांसमोर एक डिटेक्टिव्ह ठेवला की पारडं पुन्हा गावाकडे सरकू लागतं.

[मॉस्को विद्यापीठाची इमारत.]

हा खेळ जन्मला मॉस्कोत. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात, मॉस्को स्टेट युनिव्हर्सिटीत मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ यांनी तो रचला. माहिती असलेले थोडे विरुद्ध माहिती नसलेले पुष्कळ, ही त्यांची मूळ कल्पना. 1997 मध्ये अमेरिकेत अँड्र्यू प्लॉटकिन यांनी माफियांच्या जागी लांडगे आणले आणि ‘वेअरवुल्फ’ या नावाने तो जगभर पसरला. पुढे गणितज्ञही त्यात उतरले. ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मॉसेल या तिघांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात दाखवलं की डिटेक्टिव्ह नसेल, तर तोल साधायला माफियांची संख्या एकूण खेळाडूंच्या वर्गमुळाच्या पटीत ठेवावी लागते. खेळाडू चौपट झाले तर माफिया दुप्पटच करायचे. डिटेक्टिव्ह आला की मात्र माफियाही खेळाडूंच्या प्रमाणातच वाढवावे लागतात.

माणसं काही अंदाजपंचे मत देत नाहीत, हे खरंच आहे. कुणाचा आवाज अडखळतो, कुणी उगाच गप्प बसतो. पण हे आकडे आपल्याला तुलनेसाठी आधार देतात. तुमच्या ग्रुपमध्ये सातांत एक माफिया असताना तो 46 टक्क्यांहून जास्त डाव जिंकत असेल, तर तुमची चर्चा गावाला मदत करण्याऐवजी नुकसानच करतेय.

[अमंग अस. यानातले बोळ, धावणारे रंगीत क्रूमेट.]

याच धर्तीचा ऑनलाइन खेळ ‘अमंग अस’ आला 2018 मध्ये, इनरस्लॉथ या छोट्या अमेरिकन कंपनीकडून. त्यात गावकऱ्यांच्या जागी यानातले क्रूमेट आणि माफियाच्या जागी इम्पोस्टर. दोन वर्षं त्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मात्र पुण्या-मुंबईतली, नागपुरातली मुलंही रात्र रात्र त्यावर बसली. त्या खेळाने तोल भूमिकांऐवजी सेटिंगवर सोडला. एक मारल्यावर इम्पोस्टरने किती सेकंद थांबायचं, क्रूमेटला किती लांबचं दिसायचं, टास्क, म्हणजे क्रूमेटनी यानात करायची छोटी कामं, किती, बाहेर काढलेला इम्पोस्टर होता की नाही हे सांगायचं की लपवायचं, सगळं यजमानाच्या हातात. मारल्यावर थांबायचा वेळ, म्हणजे किल कूलडाऊन, तर अडीच-अडीच सेकंदांनी बदलता येतो.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट टास्क. सगळी टास्क संपली की एकही इम्पोस्टर न पकडता क्रूमेट जिंकतात. म्हणजे इम्पोस्टरला नुसतं लपून भागत नाही, वेळ त्याच्या विरोधात धावत असतो. आणि मेलेला क्रूमेट भूत होऊन आपली टास्क करतच राहतो. पहिल्याच मिनिटाला मेलात तरी तुमच्या बाजूला तुमची गरज उरते.

[चार चिठ्ठ्या. राजा, राणी, चोर, शिपाई.]

आता गुणांकडे येऊ. तोल आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. राजा-राणी-चोर-शिपाई आठवा. राजा समोर येतो, शिपाई समोर येतो, उरतात दोघं. शिपायाने त्यांतला चोर ओळखायचा. शक्यता अगदी निम्मी-निम्मी, याहून चोख तोल कुठे सापडणार? पण राजाला बहुतेक घरांत 1000 गुण मिळायचे, कशाबद्दल, तर चिठ्ठी उचलल्याबद्दल. शेवटी पहिला कोण येणार हे चिठ्ठीच ठरवायची. सुट्टीतल्या दुपारी ते चालून जातं. रँक लावणाऱ्या ऑनलाइन खेळात नाही चालत.

याच्या उलटही करता येतं. तोल नसला तरी गुण न्यायाने देता येतात. बुद्धिबळातली एलो पद्धत आपण बातम्यांत ऐकतो. अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या अर्पाद एलो यांची ती, आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने ती 1970 मध्ये स्वीकारली. तिचा गाभा एवढाच, की जिंकणं जितकं अपेक्षित, तितके गुण कमी.

समजा एखाद्या सर्व्हरवर माफिया 60 टक्के डाव जिंकतात आणि प्रत्येक डावात 32 गुण पणाला आहेत. मग माफिया जिंकला तर त्याला मिळावेत 12.8 आणि हरला तर जावेत 19.2. गावकऱ्याचं बरोबर उलट. आता शंभर डाव माफिया म्हणून खेळा. 60 वेळा 12.8 मिळाले, म्हणजे 768. 40 वेळा 19.2 गेले, तेही 768. सरासरी खेळाडूच्या हाती शून्य उरतं, आणि तेच हवं. माफियाची चिठ्ठी वारंवार आली म्हणून कुणी वर चढत नाही. वर चढायचं तर अपेक्षेपेक्षा जास्त डाव जिंकावे लागतात.

[मतदानाचा निकाल. एकाच नावापुढे पाच खुणा.]

पण मग प्रत्येकाला वाटतं, ‘माझी बाजू हरली, त्यात माझं काय चुकलं? मी तर बरोबर ओळखलं होतं!’ रागही रास्त असतो. पंधरा जणांच्या डावात एकट्याच्या मताला किती वजन? म्हणून मग वैयक्तिक गुण येतात, आणि इथेच खेळ बिघडवायची सगळ्यात सोपी वाट सुरू होते. शेवटपर्यंत जिवंत राहिल्याबद्दल गुण द्या आणि पुढच्याच डावापासून बघा. गावकरी तोंड उघडेनासे होतात, कारण जो बोलतो तो रात्री मरतो. खरा गावकरी मुद्दाम पुढे येऊन माफियाचा वार स्वतःवर घेतो, म्हणजे लपलेला डिटेक्टिव्ह वाचतो. या खेळातली सर्वांत सुंदर चाल हीच, आणि जगण्याला गुण दिले की ती खेळणाराच मूर्ख ठरतो. माझं मत ठाम आहे. जिवंत राहण्याला एकही गुण नको.

रशियन भाषिक देशांत माफियाच्या रीतसर स्पर्धा होतात. एका टेबलावर दहा जण, सात लाल म्हणजे गावकरी आणि तीन काळे म्हणजे माफिया. काळ्यांमध्ये एक डॉन, म्हणजे म्होरक्या, आणि लालांमध्ये एक शेरीफ, म्हणजे तिथला डिटेक्टिव्ह. तिथे पहिल्या रात्री मारल्या गेलेल्या खेळाडूला जाण्याआधी तीन संशयितांची नावं सांगायची मुभा असते. त्यांतले दोन किंवा तिन्ही खरंच काळे निघाले, तर त्याला जादा गुण मिळतात. किती नेमका विचार आहे बघा! गुण मिळतात ते आपल्या बाजूच्या कामी येणाऱ्या माहितीबद्दल, आणि तेही ज्याला डावात सर्वांत कमी वाव मिळाला त्यालाच.

चीनमधल्या बारा जणांच्या प्रचलित मांडणीत वेगळी युक्ती आहे. चार लांडगे, चार साधे गावकरी, चार खास भूमिका. लांडग्यांनी एक तर सगळे साधे गावकरी मारायचे, नाही तर सगळ्या खास भूमिका. त्यामुळे साध्या गावकऱ्याचा जीवही मोलाचा होतो.

[कोरी वही. रकाने आखले जातात.]

स्वतःच्या ग्रुपचा तोल बघायचा असेल, तर दर डावाला चारच गोष्टी लिहा. खेळाडू किती, माफिया किती, सेटिंग काय, जिंकलं कोण. पाच-सहा डावांवर निकाल लावू नका, तेवढ्यात नशीबच बोलतं. पुरेसे डाव झाल्यावरही एकच बाजू जिंकत असेल, तर आधी गुणांचं प्रमाण बदलून बघा. तरीही दुबळ्या बाजूची चिठ्ठी आली की लोक डाव सोडून जात असतील, तर मग सेटिंगला हात घाला, पण एका वेळी एकालाच. किल कूलडाऊन वाढवलात तर त्याच आठवड्यात टास्क कमी करू नका. नाही तर फरक कशाने पडला, हे वहीतून कधीच कळणार नाही.