पन्नास वर्षांनी उघडलेली जखम

श्रोतेहो, नमस्कार. लहानपणी पडल्याचा एखादा व्रण गुडघ्यावर असेल, तर त्यावरून जरा बोट फिरवा. ती जखम कधीच भरली, असं आपण धरून चालतो.

१७४० साली कमोडोर जॉर्ज अॅन्सन यांचा ताफा इंग्लंडहून निघाला. खलाशी पुरेनात, म्हणून म्हातारे, अधू सैनिकसुद्धा जहाजांवर चढवले होते. ‘सेंचुरियन’ जहाजावर असाच एकजण होता. आयर्लंडमध्ये बॉइन नदीकाठी १६९० साली झालेल्या लढाईत तो जखमी झाला होता. जखमा भरून पन्नास वर्षं झाली होती! जहाजावर महिनोन् महिने ना ताजं फळ, ना भाजी. स्कर्व्ही हा ताजं अन्न न मिळाल्याने होणारा आजार जहाजभर पसरला. हिरड्या सुजल्या, माणसं पटापट मरू लागली. आणि या म्हाताऱ्याच्या जखमा पुन्हा उघडल्या, कधी भरल्याच नव्हत्या अशा. पूर्वी मोडून नीट जुळलेलं हाडही सुटलं. जहाजावरचे पाद्री रिचर्ड वॉल्टर यांच्या नावाने निघालेल्या प्रवासवृत्तात हे नोंदलेलं आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा हात आपोआप माझ्या कोपरावरच्या व्रणाकडे गेला.

असं का झालं? पेशींच्या बाहेर पेशींनीच विणलेलं एक जाळं असतं, एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स. त्यातला मुख्य धागा कोलॅजन. पायाचं सूप गार झालं की वाटीत थिजतं ना, ते शिजलेल्या कोलॅजनमुळेच. त्याला तीन पदरांचा पीळ असतो. तो पीळ १९५४-५५मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी उलगडला. आपल्या शाळेच्या पुस्तकात या दोघांवर धडा हवा, हे मी मिळेल तिथे सांगत असते.

तर, जखम झाली की फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी तिथे येऊन हा धागा विणतात. पीळ घट्ट बसायला ताज्या फळं-भाज्यांतून मिळणारं क जीवनसत्त्व लागतं. आणि विणकाम जखम भरल्यावरही थांबत नाही. पुन्हा सांगते, थांबत नाही. जुने धागे तुटत राहतात, नवे पडत राहतात, व्रणात तर जास्तच. क जीवनसत्त्व संपलं की तुटणं चालू राहतं, विणणं बंद पडतं.

पुढे १७४७ साली ब्रिटिश नौदलातले डॉक्टर जेम्स लिंड यांनी स्कर्व्ही झालेले बारा खलाशी घेतले आणि दोघा-दोघांना वेगवेगळा उपाय दिला. एका जोडीला रोज दोन संत्री, एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली. तोवर त्या दोघांतला एक कामावर उभा राहिला होता.