टेपवरचा 'अ बग्ज लाइफ' थिएटरपेक्षा वेगळा का दिसतो?

नमस्कार मंडळी!

(स्क्रीनवर: एकाच शॉटच्या दोन चौकटी, शेजारी शेजारी)

पिक्चर एकच, १९९८चा मुंग्यांचा ॲनिमेशनपट 'अ बग्ज लाइफ'. प्रसंग तोच, संवाद तेच. पण डावीकडे, थिएटरच्या चौकटीत, मुंग्या लांब लांब उभ्या आहेत आणि उजवीकडे, टेपवर, त्याच मुंग्या एकमेकींना खेटून. उजवीकडची चौकट नुसती कापलेली नाही, पिक्चर बनवणाऱ्या पिक्सार स्टुडिओने ती कॉम्प्युटरवर नव्याने मांडली आहे.

पिक्सारचा हा पहिला स्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीचा, पिक्चर. उंची १ धरली तर रुंदी २.३५. तेव्हा घरोघरी टीव्ही होते ४:३चे. अख्खी रुंदी बसवली की वर-खाली काळ्या पट्ट्या, म्हणजे जवळपास ४३ टक्के पडदा वाया. पडदा भरायला गेलात, तर तेवढीच रुंदी बाहेर. मग उरलेली चौकट डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायचं. याला म्हणतात पॅन अँड स्कॅन. त्यात बोलणारा दिसतो, पण ज्याला टोमणा बसला तो गायब! गंभीर पिक्चरला हे एक वेळ चालेल. विनोदात अर्धा हशा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो.

इथे मात्र सेट आणि पात्रं, दोन्ही कॉम्प्युटरच्या फाइलींत होती. म्हणून १९९९च्या व्हीएचएस टेपसाठी काही शॉटमध्ये वर आभाळ आणि खाली जमीन वाढवली, काहींत पात्रं जवळ सरकवली, आणि जिथे खपून जाईल तिथे सरळ कडा कापल्या. त्याच वर्षीची डीव्हीडीही फिल्मची रीळ स्कॅन न करता थेट डिजिटल फ्रेममधून बनली. म्हणून त्यात धूळ नाही, ओरखडे नाहीत, चित्र थरथरत नाही.

आता तुमच्याकडची डिस्क. कव्हरवर '१.३३' (म्हणजेच ४:३) किंवा 'फुल स्क्रीन' असेल तर ती टीव्हीसाठीची मांडणी, '२.३५' असेल तर थिएटरची. कलेक्टर्स एडिशनमध्ये दोन्ही आहेत, लावून ताडून बघा. मजा येते.

पिक्चरचा नायक, फ्लिक नावाची मुंगी, काडीसारखा उंच-बारीक दिसतोय? डिस्क वाइडस्क्रीन आहे आणि टीव्ही तिला ४:३ समजतोय. टीव्ही १६:९चा असेल तर त्याच्या पिक्चर साइजमध्ये १६:९ करा; जुना ४:३चा असेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये '४:३ लेटरबॉक्स' निवडा. उलट सगळे आडवे फुगलेले दिसत असतील, तर ४:३चं चित्र टीव्हीने ताणलंय. ते टीव्हीच्या पिक्चर साइजमधून ४:३ करा. 'झूम'ला मात्र हात लावू नका. १६:९च्या टीव्हीवर २.३५च्या वर-खाली पट्ट्या राहणारच. त्या घालवल्यात तर पुन्हा कडेची पात्रं कापली जातील.

कव्हरवर ९५ मिनिटं आणि प्लेअरवर ९१? सीन कापलेला नाही. पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही पद्धत) डिस्कवर सेकंदाला २४ऐवजी २५ फ्रेम धावतात, एवढंच. अमेरिकेतून आणलेली डिस्क मुळीच चालत नसेल तर रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या भागासाठी आहे तो आकडा, बघा: तिकडचा १, आपला ५.

आणि हो, श्रेयनामावली सुरू झाली की उठू नका. पात्रं संवाद विसरतात, मध्येच हसत सुटतात, असे मुद्दाम ॲनिमेट केलेले 'फसलेले टेक' तिथेच आहेत. थिएटरमध्ये पिक्चर चालू असतानाच त्यांचा दुसरा संच आणला होता. स्ट्रीमिंगवर बघत असाल तर नेमक्या याच वेळी चित्र कोपऱ्यात आक्रसतं आणि पुढचा पिक्चर सुरू व्हायला बघतो. त्या छोट्या चौकटीवर जाऊन ओके दाबा, ती पुन्हा मोठी होईल.