चुन्याने राखलेली चित्रे : मोन बेटावरचे फानेफ्योर्ड चर्च

‘मध्ययुगीन ल्यूथरपंथी चर्च’ हा शब्दप्रयोग ऐकल्यावर आपण थोडे थबकायला हवे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने कॅथलिक चर्चवर टीका करणारे आपले पंचाण्णव प्रबंध १५१७ साली मांडले आणि डेन्मार्कच्या राज्याने त्याचा पंथ १५३६ साली स्वीकारला. तेव्हा ज्या गवंड्यांनी, सुतारांनी आणि चित्रकारांनी ही चर्चे उभारली, त्यांपैकी कोणीही ल्यूथरपंथी नव्हते. वास्तू जागची हलली नाही, आत चालणारी उपासना मात्र बदलली. त्या बदलात काय टिकले आणि ते कसे टिकले, हे मला डेन्मार्कच्या आग्नेयेकडील मोन बेटावरच्या फानेफ्योर्ड या चर्चच्या आधाराने सांगायचे आहे.

हे चर्च गावाच्या मध्यभागी नाही. ते एका टेकाडावर, खाडीकडे तोंड करून एकटेच उभे आहे, आणि जवळच सुमारे शंभर मीटर लांबीचे अश्मयुगीन थडगे आहे. लोककथा सांगते की त्या थडग्यात ग्रोनयेगर नावाचा राजा आणि त्याची राणी फाने पुरलेली आहेत, आणि तिच्यावरूनच खाडीला हे नाव पडले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, गॉथिक शैलीत बांधलेले हे चर्च शेतकऱ्यांच्या वस्तीच्या मानाने बरेच मोठे वाटते. त्याचे कारण समुद्रात शोधावे लागते. समोरची ग्रोनसुंड ही सामुद्रधुनी बाराव्या शतकात राजा वाल्देमार आणि बिशप आब्सालोन यांच्या आरमाराची एकत्र येण्याची जागा होती, आणि पुढेही तेथे जहाजांचा राबता राहिला. चर्च संत निकोलसला वाहिलेले आहे, आणि निकोलस हा खलाशांचा रक्षक मानला जातो.

डेन्मार्कमध्ये दीड हजारांहून अधिक मध्ययुगीन गावचर्चे आजही वापरात आहेत, आणि त्यांचा आराखडा एकदा समजला की बहुतेक सगळी वाचता येतात. पूर्वेला वेदी असलेला लहान भाग, त्याला आपण समजुतीपुरते गर्भगृह म्हणू. त्याच्या पश्चिमेला लोकांसाठी लांबट दालन. आणि दोहोंमध्ये एक कमान. सर्वांत जुनी चर्चे हिमनद्यांनी शेतांत आणून टाकलेल्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांची आहेत. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात भाजलेली वीट या देशात आली आणि ज्या भागात चांगला दगड दुर्मीळ होता तिथे तिचे राज्य सुरू झाले. लोकांच्या दालनाला सहसा दोन दारे असत, दक्षिणेचे पुरुषांसाठी आणि उत्तरेचे स्त्रियांसाठी. उत्तरेचे दार पुढे बऱ्याच ठिकाणी विटांनी बुजवलेले दिसते. दक्षिण दारापुढे जी ओवरी बांधली जाई तिला डॅनिश लोक आजही ‘शस्त्रघर’ म्हणतात, कारण आत जाण्यापूर्वी शस्त्रे तिथे उतरवून ठेवायची अशी समजूत आहे. पश्चिमेचा मनोरा बहुधा मध्ययुगाच्या अखेरीस जोडलेला असतो, आणि त्याच्या माथ्यावरची तिकोनी भिंत दोन्ही बाजूंनी पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते. पांढऱ्याशुभ्र भिंती आणि हा पायऱ्यांचा माथा म्हणजेच डेन्मार्कचे खेडे, असे आज परदेशी पाहुण्यांना वाटते.

मात्र चित्रांच्या दृष्टीने महत्त्वाचा बदल छताचा आहे. जुन्या दालनांना सपाट लाकडी छत असे. पंधराव्या शतकाच्या आसपास गावोगावी ते काढून विटांची कमानदार छते बांधली गेली. चार फासळ्या वर जाऊन मध्यभागी मिळतात आणि त्यांच्यामध्ये बाकदार त्रिकोणी पाकळ्या तयार होतात. या पाकळ्या म्हणजे चित्रकारासाठी आयते फलक होते. फानेफ्योर्डमध्ये गर्भगृहाच्या कमानीभोवती चौदाव्या शतकातली चित्रे आहेतच. पण छत भरून टाकले ते १५०० च्या सुमारास काम करणाऱ्या एका अनामिक चित्रकाराने. याच बेटावरच्या एल्मेलुंडे आणि केल्बी या चर्चांतही त्याच्याच हातची शैली दिसते, म्हणून अभ्यासक त्याला ‘एल्मेलुंडेचा चित्रकार’ म्हणतात. तांबूस, पिवळसर, हिरवट आणि राखाडी अशा मोजक्या रंगांत, ठळक रेषांत, मोकळ्या जागी वेली आणि फुले भरत त्याने बायबल रंगवले. त्याच्या माणसांचे डोळे जड पापण्यांचे आहेत आणि चेहरे जवळजवळ निर्विकार. काहींना ही उणीव वाटते. मला वाटते की, वाचता न येणाऱ्या माणसाला प्रसंग झटकन ओळखता यावा, यासाठी त्याने भावनेपेक्षा हातवाऱ्यांवर भर दिला. जुन्या आणि नव्या करारातले प्रसंग शेजारी शेजारी मांडणारी सचित्र पुस्तके त्या काळी युरोपात फिरत होती, आणि त्याची मांडणी त्या पुस्तकांना जवळची आहे.

फानेफ्योर्डच्या छतावर उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंतचा पट आहे, तरी माझे मन रमते ते दोन बायकांच्या चित्रात. त्या चर्चमध्ये बसून गप्पा मारत आहेत आणि तुतिविलस नावाचा सैतान त्यांचा शब्दन्‌शब्द टिपून घेतो आहे. कीर्तनात मागे बसून कुजबुजणाऱ्यांकडे बुवांनी टाकलेला कटाक्ष आठवावा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे नोंदवही सैतानाच्या हातात आहे.

आता १५३६ कडे येऊ. यादवी युद्ध जिंकलेल्या राजा तिसऱ्या ख्रिश्चनने ऑगस्ट महिन्यात कॅथलिक बिशपांना अटक करून त्यांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या, आणि पुढच्या वर्षी ल्यूथरच्या विटेनबर्ग या जर्मन गावाहून आलेल्या, त्याचा सहकारी योहानेस बुगेनहागेनने नव्या चर्चव्यवस्थेची घडी बसवली. उपासना लॅटिनऐवजी डॅनिशमध्ये होऊ लागली; १५५० मध्ये संपूर्ण डॅनिश बायबल छापले गेले आणि १५६९ मध्ये हान्स थोमिसन यांचे गीतपुस्तक आले. वास्तूवर याचे परिणाम थेट झाले. प्रवचन उपासनेच्या केंद्रस्थानी आल्यामुळे कोरीव लाकडी प्रवचनपीठे आली. केल्बीच्या चर्चमधले १५८६ चे आहे. दीर्घ प्रवचन ऐकायचे तर बसायला हवे, म्हणून दालन बाकांनी भरले. संतांच्या नावाने असलेल्या बाजूच्या वेद्या निरर्थक ठरून हळूहळू गेल्या.

पण चित्रे फोडली गेली नाहीत. इथे ल्यूथर आणि इतर सुधारक यांच्यातला फरक लक्षात घ्यावा लागतो. १५२२ मध्ये ल्यूथरचाच सहकारी असलेल्या कार्लस्टाटच्या चिथावणीने विटेनबर्गमध्ये मूर्ती-चित्रांविरुद्ध वातावरण तापले, तेव्हा ल्यूथर परत आला आणि सलग प्रवचने देऊन त्याने तो उद्रेक थांबवला. चित्राची पूजा करू नये, पण शिकवण्यासाठी चित्र असायला हरकत नाही, अशी त्याची भूमिका होती. १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये कॅल्विन या दुसऱ्या सुधारकाच्या अनुयायांनी चर्चांमधल्या मूर्ती फोडल्या, तसे डेन्मार्कच्या खेड्यांत घडले नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या खाली प्रवचन चाले ते श्रद्धेनेच तारण होते असे, आणि वर छतावर मध्यस्थी करणारे संत तसेच उभे असत.

धर्मसुधारकांनी चित्रांवर लगेच चुना फासला, ही लोकप्रिय कथाही म्हणूनच सरसकट खरी नाही. अनेक चर्चांत सफेदी सतराव्या-अठराव्या शतकांत, कधी स्वच्छतेसाठी तर कधी बदललेल्या आवडीमुळे झाली. मराठीत ‘चुना लावणे’ म्हणजे फसवणे; या छतांबाबत मात्र चुन्याने राखणदाराचे काम केले. विरलेला चुना हवेतला कर्बवायू शोषून पुन्हा चुनखडी बनतो, आणि त्या पातळ थरांखाली मूळचा रंग उजेड, काजळी आणि उत्साही दुरुस्तीकारांपासून सुरक्षित राहिला. एकोणिसाव्या शतकात चित्रे उघडी करण्याची लाट आली, तेव्हा काही ठिकाणी पुसट भाग नव्या रंगाने भरले गेले, आणि आज मूळ कोणते हे ठरवणे जिकिरीचे होते. फानेफ्योर्डची पाळी उशिरा, १९३० च्या दशकात आली. एग्मॉंट लिंड या जतनतज्ज्ञाने ते काम केले, तोवर हाताळण्याची रीत अधिक संयमी झाली होती. हे उशिराचे भाग्यच म्हणावे लागेल.

मराठी श्रोत्यांना हा पंथ परका वाटू नये म्हणून एक दुवा सांगतो. तमिळ किनाऱ्यावरची डॅनिशांची तरंगंबाडी वसाहत १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी झालेल्या करारातून उभी राहिली. तिथे आलेला जर्मन धर्मप्रसारक ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्त्झ कोपनहेगनमध्ये ल्यूथरपंथी धर्मगुरू म्हणून दीक्षित झाला होता, आणि तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी त्याच्याच देखरेखीखाली वाढले.

फानेफ्योर्डमध्ये आजही उपासना होते, त्यामुळे प्रश्न संग्रहालयाचे नाहीत. हिवाळ्यात भाविकांसाठी चर्च तापवले की भिंती कोरड्या पडतात, गिलाव्यातले क्षार पृष्ठभागावर येऊन स्फटिक बनतात आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागतात. बाकांवर बसणाऱ्यांची दिशा वेदीकडे आणि प्रवचनपीठाकडे असते. चित्रकाराने मात्र दालनात उभ्या असलेल्या, इकडेतिकडे फिरणाऱ्या माणसांसाठी रंगवले होते. त्यामुळे तुतिविलसला पाहायचे तर बाकावरून उठून, मान मागे टाकूनच पाहावे लागते.