पिको ते वेस्टवूड

(दृश्य: कॉलेजचं पार्किंग, संध्याकाळ)

संध्याकाळचे साडेसहा. कुणी गाडीतच डबा उघडून चार घास पोटात ढकलतंय, कुणी कामावरचा शर्ट बदलतंय. लॉस एंजेलिसलगतच्या पिको रस्त्यावरचं हे सांता मोनिका कॉलेज, 1929 सालचं. हे कम्युनिटी कॉलेज, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं जिथे करता येतात असं सरकारी कॉलेज. प्रवेशाला टक्क्यांची अट नाही. वय अठरा असो की अठ्ठेचाळीस, नाव घालता येतं. बारावीचे मार्क जन्मभर मागे लागण्याची सवय असलेल्या आपल्याला हे जरा खोटंच वाटतं.

(दृश्य: निळी बस, वेस्टवूडच्या दिशेने)

इथून आठेक किलोमीटरवर, वेस्टवूड भागात यूसीएलए, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाचा लॉस एंजेलिसचा कॅम्पस. बारावीनंतर थेट अर्ज करणाऱ्यांपैकी शंभरात दहांचाही तिथे नंबर लागत नाही. कम्युनिटी कॉलेजातून तिसऱ्या वर्षाला जाऊ पाहणाऱ्यांपैकी मात्र साधारण चारातला एक आत जातो. ही काही कुणाची मेहेरबानी नव्हे. 1960 साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा आराखडा केला, तेव्हा क्लार्क केर कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. मोठ्या विद्यापीठात थेट प्रवेश वरच्या आठव्या हिश्शालाच, पण बाकीच्यांना कम्युनिटी कॉलेजातून पुढे यायची वाट मोकळी, असं त्यात ठरलं.

(दृश्य: वहीवर आकडेमोड करणारा हात)

आता हिशेब. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटची, म्हणजे क्रेडिटची, फी 46 डॉलर. ट्रान्सफरला, म्हणजे विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायला, 60 युनिट लागतात, म्हणजे 2,760 डॉलर. पैशाचं गणित सुटलं. वेळेचं सुटत नाही. नोकरी सांभाळून एका सत्रात दोनच विषय झेपतात, म्हणजे सहा युनिट. दहा सत्रं. पाच वर्षं!

त्यात विषय चुकला की सत्र वाया. इथला कुठला विषय तिथे धरला जातो, हे ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर आधी पाहावं लागतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे काही कॅम्पस ठरावीक गुणांवर प्रवेशाची लेखी हमी देतात. यूसीएलए आणि बर्कली हे कॅम्पस देत नाहीत. शिवाय अर्जात आधीच्या सगळ्या कॉलेजांतले विषय आणि गुण लिहावे लागतात. विशीत अर्धवट सोडलेल्या कॉलेजातला नापासाचा शेराही चाळिशीत पुन्हा समोर येतो.

(दृश्य: यूसीएलएच्या लाल विटांच्या इमारती)

आणि प्रवेश मिळाला की?

पिकोवर एक सत्र सोळा आठवड्यांचं होतं. इथे शिकवायचे आठवडे दहाच. जिना कुठे, वर्ग कुठे हे कळेपर्यंत पहिली परीक्षा दारात. मार्क एकदम घसरतात. त्याला इथे ‘ट्रान्सफर शॉक’ म्हणतात, आणि तो हुशार माणसांनाही बसतो.

मुलंबाळं असलेल्यांसाठी विद्यापीठाची वेगळी घरं आहेत. पण वर्ग बहुतेक दिवसा. म्हणून पहिल्याच आठवड्यात कुणी साहेबाला फोन लावून रात्रपाळी मागत असतं.