घाणेरीवरचा पिसारी पतंग

[दृश्य: गोव्यातल्या वाळपईच्या पुढची चढण, दुतर्फा घाणेरी, गुलाबी-पिवळे गेंद]

घाणेरी फुलली की फुलपाखरांची झुंबड उडते आणि सगळे कॅमेरे तिकडेच वळतात. आम्ही थांबलोय त्या फुलांखालच्या पानाशी.

[अगदी जवळून: पानावरचा पतंग]

गवताची वाळकी काडी अडकल्यासारखं दिसतंय ना? हा पिसारी पतंग आहे. शास्त्रीय नाव लँटानोफागा पुसिलिडॅक्टिला. पंख पसरले तरी जेमतेम सेंटीमीटरभर, किंचित जास्त. बसताना पंख अरुंद करून अंगाशी काटकोनात ताणून धरतो, थेट इंग्रजी 'टी'.

आता पुढचा पंख बघा. टोकाकडून चिरलेला, तांबूस तपकिरी. चीर सुरू होते तिथं एक गडद तिकोनी डाग.

[सावकाश: पतंग पंख उघडतो]

आणि हा मागचा पंख. याच्या तर तीन पट्ट्या! प्रत्येकीच्या कडेला केसांसारखी बारीक झालर, पट्ट्यांमधली फट तीच भरून काढते. पतंग बसला की हे सगळं पुढच्या पंखाखाली दडतं, म्हणून हे दृश्य पुन्हा एकदा दाखवतोय.

तूर पिकवणारे शेतकरी या कुळातल्या एका पतंगाला शेंगा पोखरणारी कीड म्हणून ओळखतात. त्यापायी सगळं कुळच बदनाम झालं. याची अळी मात्र घाणेरीची फुलं खाते.

[दृश्य: गेंदाच्या बुडाशी अळी]

पतंग आणि घाणेरी, दोघंही मूळचे अमेरिका खंडातले. फ्रान्सिस वॉकर यांनी १८६४ साली जमैकातल्या नमुन्यावरून या पतंगाचं वर्णन केलं. शोभेचं झुडूप म्हणून घाणेरी देशोदेशी गेली. हवाई बेटांवर ती डोईजड झाली, तेव्हा १९०२ साली आल्बर्ट कोबेल या कीटकतज्ज्ञांनी मेक्सिकोतून तिच्यावर जगणारे कीटक पाठवले. त्यांत हा पतंगही होता, आणि तो तिथं रुजला. आज आफ्रिका, भारत, श्रीलंका, ऑस्ट्रेलिया, पॅसिफिकमधली बेटं, एवढा त्याचा पसारा आहे.

घाणेरी त्यानं आटोक्यात आली नाही. गुरांची कुरणं तिच्याखाली गेली, जातायत.

[दृश्य: अंगणातला दिवा, भिंतीवर पतंग]

गोव्यात पतंगांचे फोटो काढणारे आता बरेच आहेत. हा 'टी' भिंतीवर दिसला तर डास समजून झटकू नका. वरून एक फोटो घ्या, पंखाची चीर आणि तो तिकोनी डाग स्पष्ट येईल असा. दिवसा झुडपावर दिसला, तर झुडूप कुठलं तेही टिपून ठेवा.