रॉब हॅलफर्डने सांगून टाकलं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलूया, आपण समलिंगी आहोत हे काही गायकांनी जगाला कधी आणि कसं सांगितलं, त्याबद्दल.

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा शिकत होता, फारोख बलसारा. शाळेतल्या ‘हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. पुढे तोच ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. स्टेजवर नखरा करताना त्याने हात आखडता घेतला नाही, पण खासगी आयुष्याबद्दल वार्ताहरांना ताकास तूर लागू दिला नाही. एड्स असल्याचं निवेदन त्याने दिलं २३ नोव्हेंबर १९९१ ला आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला.

उघड बोलला नाही म्हणून त्याला भित्रा ठरवणं मला पटत नाही. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध १९६७ पर्यंत सरसकट गुन्हा होते. कायदा सैलावला, तरी चव्हाट्यावर मांडायला वर्तमानपत्रं टपलेलीच. पॉप गायक जॉर्ज मायकेलला तर कधी सांगायचं हे ठरवताच आलं नाही. १९९८ साली बेव्हर्ली हिल्सच्या एका बागेत त्याला अटक झाली, तेव्हा कुठे तो टीव्हीवर बोलला. पठ्ठ्याने नंतर त्याच प्रकरणाची टर उडवणारं गाणं काढलं, ते सोडा.

त्याच वर्षी रॉब हॅलफर्डही बोलला, आणि मला खरी गंमत वाटते ती त्याची. ‘जुडास प्रीस्ट’ या हेवी मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक वाजवणाऱ्या बँडचा हा गायक इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमकडचा, कामगारवस्तीतला. अंगात काळं लेदर, मनगटाला खिळ्यांचे पट्टे, स्टेजवर यायचा तो थेट मोटारसायकलवरून. हेवी मेटलची पोरं मर्दानगी म्हणून जो वेष मिरवायची, तो बराचसा याच्यामुळे रूढ झालेला! एमटीव्हीवरच्या मुलाखतीत बोलण्याच्या ओघात त्याने सांगून टाकलं, मी गे आहे. स्टुडिओत कुणाच्या तरी हातातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, असं तो सांगतो.

लक्षात घ्या, तेव्हा तो सेहेचाळीस वर्षांचा होता, नाव कमावलेलं होतं आणि बँड सोडूनही काही वर्षं झाली होती. गमावण्यासारखं बरंच आधीच मागे पडलं होतं. तरी मेटलचे चाहते म्हणजे आडदांड, ते याला हाकलून देतील, ही भीती होतीच. तसं काही झालं नाही. २००३ मध्ये तो बँडमध्ये परतला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. समंजसपणाचं श्रेय आपण नेहमी सुशिक्षित, नाजूक आवडीच्या श्रोत्यांना देतो. इथे ते धांगडधिंगा करणाऱ्या पोरांना द्यावं लागतं.

आणि आता अमेरिकन रॅपर लिल नास एक्स बघा. जून २०१९, वय वीस, कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं संगीत, आणि रॅप यांची मिसळ केलेलं त्याचं पहिलंच गाजलेलं गाणं अमेरिकेत पहिल्या नंबरावर. दोन्ही संगीतप्रकार या बाबतीत कर्मठच समजले जातात. तरी यशाच्या ऐन भरात त्याने सांगितलं. शिव्या पडल्या, पण गाणं त्यानंतरही कित्येक आठवडे पहिल्या नंबरावरून हललं नाही.